विश्लेषण : दोघेही दिव्यांग, मग काळजीवाहू कोण?

एक घर डोळ्यांसमोर आणा. नवरा दृष्टिहीन, बायकोचे दोन्ही पाय पोलिओने अधू. सकाळी तो तिला उचलून व्हीलचेअरवर बसवतो, पाणी भरतो, रिकामा सिलिंडर दारापर्यंत नेतो. ती त्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या वेगळ्या करते, पासबुकातल्या नोंदी वाचते, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगते, अर्जावर सही करायची तिथे त्याचे बोट टेकवते. दोघांपैकी एक जण चार दिवस आजारी पडला, तर दुसऱ्याचेही सगळे अडते.

अशी घरे अपवादात्मक नाहीत. गुडघ्यांनी जायबंदी झालेली आई आणि तिचा बौद्धिक दिव्यांग मुलगा, स्नायूंच्या आजाराने ग्रासलेले दोघे भाऊ, पक्षाघातानंतर एक हात गमावलेले वडील आणि कर्णबधिर मुलगी, अशी अनेक कुटुंबे आपल्या आसपास आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग आहेत. तरीही आपल्या योजना अजून एकच चित्र धरून बसल्या आहेत : एक दिव्यांग आणि त्याची काळजी घेणारे बाकीचे धडधाकट कुटुंब. ज्या घरात धडधाकट कोणीच नाही, त्या घराचे काय, याचे उत्तर शोधायला हवे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात ‘केअरगिव्हर’ म्हणजे काळजीवाहू या शब्दाची व्याख्या आहे. दिव्यांग व्यक्तीला मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी, आधार वा साहाय्य देणारी कोणतीही व्यक्ती म्हणजे काळजीवाहू. आईवडील आणि कुटुंबातील इतर सदस्यही त्यात येतात. ही व्यक्ती स्वतः निरोगी असली पाहिजे, असे व्याख्येत कुठेही म्हटलेले नाही. म्हणजे वरच्या घरातले पती-पत्नी कायद्याच्या दृष्टीने दिव्यांगही आहेत आणि एकमेकांचे काळजीवाहूही.

याच कायद्याचे कलम २४ सामाजिक सुरक्षेचे आहे. दिव्यांग निवृत्तिवेतन, बेरोजगार भत्ता यांबरोबरच जास्त साहाय्याची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्ता असावा, असे त्यात नमूद आहे. अशा योजनांतील रक्कम इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी, हेही त्यातच आहे. मात्र सुरुवातीलाच ‘सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पळवाट ठेवलेली आहे. त्यामुळे भत्ता कायद्याच्या पुस्तकात आला, तरी तो प्रत्यक्ष खात्यात जमा होणे हे राज्याच्या इच्छेवर अवलंबून राहिले.

कलम ३८ त्याला जोडून वाचावे लागते. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ज्या व्यक्तीला जास्त साहाय्याची गरज वाटते, ती स्वतः किंवा तिच्या वतीने दुसरी व्यक्ती वा संस्था, सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते. ते प्रकरण मूल्यांकन मंडळाकडे जाते आणि किती व कोणते साहाय्य लागते, हे मंडळ ठरवते. प्रमाणपत्रावरची टक्केवारी शरीराचे किती नुकसान झाले ते सांगते. दिवसभरात किती वेळा दुसऱ्याचा हात धरावा लागतो, हे तिच्यातून कळत नाही. म्हणून हे कलम महत्त्वाचे.

महाराष्ट्रात सध्या काय मिळते?

राज्यातील दिव्यांगांचा मुख्य मासिक आधार म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. २०२५ मध्ये राज्य सरकारने दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये केली. वाढ स्वागतार्हच आहे. पण हे पैसे दिव्यांग व्यक्तीच्या उदरनिर्वाहासाठी आहेत. तिची काळजी घेणाऱ्याच्या कष्टांचा त्यात हिशेब नाही. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत ८० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व चालत नाही, आणि वयाच्या ८० वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा दरमहा अवघा ३०० रुपये आहे.

एसटीच्या तिकिटात दिव्यांगाच्या साथीदाराचा विचार केलेला असतो. म्हणजे प्रवासात साथीदार लागतो, हे सरकारला पटलेले आहे. घरी पोहोचल्यावर मात्र तोच साथीदार सरकारी कागदांवरून गायब होतो.

एकाच घरातील दोघांनी अर्ज केला तर?

हा प्रश्न अनेकांना अडवतो. ‘एकाला मिळते ना, मग दुसऱ्याला कशाला?’ हे वाक्य खिडकीवर ऐकून परतलेली माणसे गावोगावी भेटतील. त्यामागे जुना इतिहास आहे. संजय गांधी योजनेत पूर्वी कुटुंबात एकच लाभार्थी असेल तर ६०० रुपये आणि एकापेक्षा जास्त असतील तर पूर्ण कुटुंबाला मिळून ९०० रुपये दिले जात. म्हणजे घरात दुसरा दिव्यांग असेल तर त्याची किंमत निम्मी! आता रक्कम प्रत्येक लाभार्थ्यामागे ठरते. पती-पत्नी दोघेही निकषांत बसत असतील तर दोघांनीही स्वतंत्र अर्ज करावेत. दोघांची दिव्यांग प्रमाणपत्रे, यूडीआयडी कार्डे आणि बँक खाती वेगवेगळी असावीत. अर्ज तोंडी नाकारला गेला तर कारण लेखी मागावे. त्यानंतरही दाद मिळाली नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. या निधीतून आपल्याकडे कोणत्या योजना चालतात, हे दोघांच्याही नावाने विचारून घ्यावे.

प्राप्तिकरात सवलत दोघांची

घरात कोणाचे उत्पन्न करपात्र असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. करदाता स्वतः दिव्यांग असेल तर त्याला स्वतःसाठी वजावट मिळते. ती ८०-यू या नावाने ओळखली जाते. त्याच्यावर अवलंबून असलेला जोडीदार, मूल, आईवडील वा भावंड दिव्यांग असेल तर ८०-डीडी ही वेगळी वजावट आहे. दोन्हींची रक्कम सारखीच : ७५ हजार रुपये, आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असेल तर सव्वा लाख. एकच करदाता या दोन्ही घेऊ शकतो. अट अशी की, अवलंबून असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या विवरणपत्रात ८०-यू घेतलेली नसावी. या वजावटी जुन्या करप्रणालीतच मिळतात. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा विवरणपत्र भरताना ते पाहून घ्यावेत.

म्हणजे एक माणूस दिव्यांगही असू शकतो आणि दुसऱ्या दिव्यांगाचा आधारही, हे कर खात्याने कधीच मान्य केले आहे. दुर्दैव एवढेच की, ज्यांचे उत्पन्न करपात्र नाही अशा बहुसंख्य घरांना त्याचा काडीचा उपयोग नाही.

ब्रिटनमध्ये काय होते?

ब्रिटनमध्ये काळजी घेणाऱ्याला ‘केअरर्स अलाउन्स’ मिळतो. आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेणे ही अट. २०२५-२६ या वर्षात रक्कम आठवड्याला ८३.३० पौंड. काळजीवाहू स्वतः दिव्यांग असला तरी चालते. एवढेच नव्हे, तर दोघे दिव्यांग एकमेकांची काळजी घेत असतील आणि दोघांनाही दिव्यांगत्वाचा ठरावीक लाभ मिळत असेल, तर दोघेही एकमेकांसाठी हा भत्ता मागू शकतात.

तिथेही हे सहज झाले नाही. १९७६ मध्ये हा भत्ता सुरू झाला तेव्हा विवाहित स्त्रियांना तो नव्हता. घरच्यांची काळजी घेणे हे त्यांचे कामच, असा सरकारचा समज. जॅकलिन ड्रेक या महिलेने आपल्या आईच्या शुश्रूषेसाठी भत्ता मागितला, खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि १९८६ मध्ये तो दंडक मोडला. ‘खरा काळजीवाहू कोण’ याबद्दलचा गैरसमज तिथे न्यायालयात दूर करावा लागला.

तिथल्या व्यवस्थेत खोडेही आहेत. निवृत्तिवेतनासारखे काही लाभ आधीच मिळत असतील तर हा भत्ता प्रत्यक्ष हातात पडत नाही. एकाने भत्ता घेतला की दुसऱ्याच्या लाभातली तीव्र दिव्यांगत्वाची वाढीव रक्कम बंद होऊ शकते. कमाई मर्यादेपेक्षा एका पौंडाने जरी वाढली तरी त्या आठवड्याचा पूर्ण भत्ता जातो. यावरून तिथे अनेक काळजीवाहूंवर वसुलीची वेळ आली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणारा नियम आपल्याला नको.

आपल्या देशात केरळने ‘आश्वासकिरणम’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या आणि तीव्र दिव्यांगांच्या काळजीवाहूंना दरमहा ६०० रुपये देण्याची वाट दाखवली. रक्कम तुटपुंजी आहे, पण घरातल्या शुश्रूषेला सरकारने काम म्हणून ओळखले.

भीती कशाची आहे?

पैशांइतकीच दुसरी अडचण मनातली आहे. ‘मी बायकोला उचलतो, असे अर्जात लिहिले तर साहेब म्हणतील, मग तू कसला दिव्यांग?’ ही भीती खोटी नाही. दृष्टिहीन माणसाच्या हातांत ताकद असते म्हणून त्याची दृष्टी परत येत नाही. व्हीलचेअरवरची बाई हिशेब लिहिते म्हणून तिचे पाय चालू लागत नाहीत. पण प्रमाणपत्राच्या पडताळणीचे वारे वाहू लागले की माणसे आपले कर्तृत्व लपवतात. जगण्यासाठी एकमेकांना सावरायचे आणि कागदावर मात्र पूर्ण असहाय दिसायचे, अशी वेळ कोणत्याही योजनेने नागरिकावर आणू नये.

काय बदलायला हवे?

राज्य सरकारकडे स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. त्याने कलम २४ मधील काळजीवाहू भत्ता प्रत्यक्षात आणावा आणि तो आणताना चार गोष्टी शासन निर्णयातच स्पष्ट लिहाव्यात. काळजीवाहू स्वतः दिव्यांग असला तरी पात्र राहील. दोघे एकमेकांचे काळजीवाहू असतील तर दोन स्वतंत्र भत्ते मिळतील. भत्त्याची रक्कम संजय गांधी योजनेच्या उत्पन्न मर्यादेत धरली जाणार नाही, कारण दिव्यांगांसाठी वर्षाला ५० हजारांची ती मर्यादा अशीही गळ्याशी आलेली आहे. आणि दुसऱ्याची काळजी घेणे हा दिव्यांगत्व नसल्याचा पुरावा मानला जाणार नाही.

याला लागणारा पैसा मोठा वाटेल. पण ही माणसे एकमेकांना सांभाळतात म्हणूनच सरकारला त्यांच्यासाठी निवासी संस्था, परिचारिका आणि खाटा पुरवाव्या लागत नाहीत. तो खर्च आज ती दोघे आपल्या अंगावर काढत आहेत.

दरवर्षी हयातीचा दाखला देण्यासाठी असे जोडपे तहसील कार्यालयात येते. तो तिची खुर्ची ढकलतो, ती त्याला रस्ता सांगते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला हे दृश्य दिसते. ते सरकारच्या अर्जातही दिसले पाहिजे.