आम्हाला बोट लागते

आमच्या शाखेचे हेडकॅशियर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि मॅनेजरसाहेबांचं भाषण हे चारही आघात त्यांनी हसतमुखाने सोसले. मग एके दिवशी ते काउंटरसमोर येऊन उभे राहिले (तेही गिऱ्हाइकाच्या बाजूने!) आणि म्हणाले, "एफडी मोडायची आहे."

मुदतीआधी एफडी मोडणाऱ्याकडे ज्या माणसाने तीस वर्षं गुन्हेगाराकडे बघावं तसं बघितलं, तो हे बोलत होता.

"घरी सगळं ठीक ना?" मी विचारलं.

"एकदम ठीक. मी आणि ही जगप्रदक्षिणेला निघालोय. बोटीने. चांगले सव्वाशे दिवस!"

शाखेत हलकल्लोळ झाला. आमच्या सौ.पर्यंत बातमी पोचली तेव्हा तर घरातही झाला. "बघा, माणसं कशी हौशी असतात," ती म्हणाली. या वाक्यातला 'माणसं' हा शब्द मला वगळून होता, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल. मी नेहमीचं उत्तर दिलं, "आम्हाला बोट लागते."

पुढे बोटीवरून त्यांची खबर रोज मोबाईलवर येऊ लागली. सकाळी सहाला डेकवर पाच फेऱ्या. आठला नाश्ता. दहाला समुद्रपक्ष्यांवर व्याख्यान. अकराला हाउजी. एकला जेवण, चारला चहा, सातला सूट घालून पुन्हा जेवण. आठवडाभराने खबर आली, 'आज दिवसभर समुद्र.' दुसऱ्या दिवशी आली, 'आजही समुद्र.'

आता मला सांगा, यात आणि आमच्या बँकेत फरक तो काय? तेच वेळापत्रक, तीच रांग, गळ्यात तेच कार्ड. बक्षिशीसुद्धा म्हणे रोजच्या रोज बिलातच लावतात, म्हणजे मूळस्रोतातून कपात! आणि पश्चिमेकडे जाणारी बोट वाररेषा ओलांडते तेव्हा कॅलेंडरातला एक अख्खा दिवस गायब होतो. आमच्याकडे एक रुपया गायब झाला तर रात्री अकरापर्यंत घरी सोडत नाहीत. तिथे दिवस गायब झाला म्हणून पार्टी!

तुम्ही म्हणाल, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. असतील. पण कोल्ह्याने एकदा बोटीचा प्रवास केलेला आहे.

२०१४ साली जनधनची खाती उघडायची मोहीम निघाली तेव्हा माझी बदली नंदुरबार जिल्ह्यात होती. फॉर्मांचा गठ्ठा, शाईचं पॅड आणि एक शिपाई एवढ्या लवाजम्यासह मी होडीत बसलो. जायचं होतं मणिबेलीला. तालुका अक्कलकुवा, नर्मदेच्या काठी. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं जे पहिलं गाव गेलं, ते हे. नव्वदच्या दशकात इथल्या सत्याग्रहाचं नाव साऱ्या जगात गाजलं. १९९४ साली मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये म्हणून ३२६ संस्थांनी जो जाहीरनामा काढला, त्यालाही नाव दिलं ते मणिबेलीचं. एवढं नाव असलेल्या गावाला जायला धड रस्ता नव्हता.

होडीत हाउजी नव्हती. रेशनची पोती होती, दोन शेळ्या होत्या, दवाखान्यातून परतणारी एक पोटुशी बाई होती. मधेच नावाडी म्हणाला, "साहेब, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ इथंच खाली." मी नकळत चपला काढल्या. पाण्यातल्या देवाला नमस्कार कुठल्या दिशेने करतात हे बी. कॉम.ला शिकवलेलं नव्हतं.

पहिलाच फॉर्म एका म्हाताऱ्या बाबांचा होता.

"बाबा, कायमचा पत्ता?"

त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं.

"तो नाही. आत्ता राहता तो."

त्यांनी वर टेकडीकडे बोट दाखवलं. "पाणी आलं, वर गेलो. परत आलं, परत वर गेलो."

"मग कायमचा कुठला लिहू?"

"तुमी सांगा, साहेब. तुमी सरकारी."

मी 'मु. पो. मणिबेली' एवढंच लिहून रकाना भरला. त्यानंतर धरणाची उंची वाढली, आणि २०१९च्या सप्टेंबरात पाणी प्रथमच पूर्ण पातळीला, १३८.६८ मीटरला टेकलं. बाबा आणखी किती वर गेले, त्या फॉर्ममध्ये लिहिलेलं नाही.

गैरसमज नको. त्या धरणाच्या पाण्याने कच्छ-सौराष्ट्राची तहान भागली, आणि विजेचा २७ टक्के वाटा आपल्या महाराष्ट्राचा. जमेची बाजू मला वाचता येते. पण वाणिज्य शाखेत पहिल्या आठवड्यात शिकवतात की, प्रत्येक जमेला एक 'नावे' लागतं. या व्यवहारात ते कुणाच्या नावे पडलं, एवढंच मी विचारतो. महाराष्ट्रातली ३३ गावं, एवढं उत्तर ताळेबंदाच्या तळटीपेत सापडतं. तळटीप वाचतो कोण?

आता त्याच नदीवर, धरणाच्या खालच्या अंगाला, २०२० साली पर्यटकांसाठी क्रूझ सुरू झाली. म्हणजे एक भिंत. भिंतीच्या खाली बोटीत बसले ते पर्यटक. भिंतीच्या वर बोटीत बसले ते प्रकल्पग्रस्त. नदी एकच, तरंगणंही तेच. खालच्याचं तिकीट असतं आणि वरच्याची फाईल असते.

म्हणून माझं भांडण समुद्राशी नाही, हेडकॅशियरांशी तर मुळीच नाही. माझं भांडण आहे त्या माहितीपत्रकाशी, ज्यात 'चिंता किनाऱ्यावर सोडून या' असं छापलेलं असतं. अहो, किनारा जाग्यावर असला तरच त्यावर काही सोडता येतं! तरंगण्यातली मजा पाण्यात नसते, काठात असते. ज्याचा काठ शाबूत, त्याची सहल. ज्याचा काठ गेला, त्याचा तो संसार. आणि पहिल्याला आपण 'हौशी' म्हणतो, दुसऱ्याला 'अडून बसलेला'.

हेडकॅशियर परत आले. शाखेत सगळ्यांना फ्रिजवर लावायची चुंबकं वाटली. मी विचारलं, "कसं काय झालं?"

"झकास!" मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "पण खरं सांगू? शेवटचे पंधरा दिवस एकच वाटत होतं. कधी एकदा आपल्या दारात चपला काढतोय."

मी त्यांच्यापुढे केवायसीचा फॉर्म सरकवला, मुदत संपली होती. 'कायमचा पत्ता' या रकान्याशी ते क्षणभरही थांबले नाहीत. इमारत, मजला, गल्ली, पिनकोड, सगळं एका दमात लिहिलं, पेन न उचलता.

"तुमची निवृत्ती आली की तुम्हीही जाऊन या," सही करता करता ते म्हणाले.

"नको हो," मी म्हटलं, "आम्हाला बोट लागते." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.