घोडा विकणाऱ्याचे मौन

भारतीय करार कायद्यात एक घोडा आहे. हा कायदा १८७२ साली झाला, त्या वेळी आपल्या रस्त्यांवर मोटारसायकल नव्हती. त्यामुळे कपट कशाला म्हणावे हे समजावून देताना कायदेकारांनी घोड्याचा दाखला घेतला. 'अ' हा 'ब' ला लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे 'अ' ला पक्के ठाऊक आहे. पण तो त्याविषयी चकार शब्द काढत नाही. हे कपट झाले काय? कलम १७ खालील उत्तर निःसंदिग्ध आहे: नाही. केवळ गप्प राहणे म्हणजे कपट नव्हे. दीडशे वर्षांत राज्ये गेली, घोडे गेले, लिलावाची जागा भ्रमणध्वनीवरील जाहिरातींनी घेतली. विकणाऱ्याचे मौन मात्र कायद्याच्या दृष्टीने आजही बव्हंशी निर्दोषच आहे.

याचा विचार आज करावासा वाटतो तो लांब पल्ल्याच्या जुन्या मोटारसायकलींच्या बाजारामुळे. गेल्या दशकात मराठी मध्यमवर्गातील तरुणांना, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरील काही उत्साही गृहस्थांनाही, दुचाकीवरून दूरदूर भटकण्याचा छंद जडला. २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, त्याच वर्षाच्या अखेरीस बजाजची डॉमिनार, २०२० साली केटीएमची ३९० ॲडव्हेंचर. यातील शेवटच्या दोन तर आपल्या चाकणच्याच कारखान्यातून बाहेर पडल्या. त्या पहिल्या वर्षांतील गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या शोधात आहेत. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची नवी रचना लागू झाली. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के आणि त्यापुढच्या दुचाकीवर ४० टक्के, अशी सरळ भिंत सरकारने उभी केली. भिंतीपलीकडची नवी गाडी परवडत नसलेल्या माणसाचे पाय जुन्या बाजाराकडे वळावेत, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

जुनी गाडी घेण्यात गैर काहीच नाही. आपल्याकडे वस्तू दोन-तीन संसारांना पुरते ही शहाणपणाचीच रीत आहे. परंतु कचेरीत जाण्यायेण्याची दुचाकी आणि प्रवासाची दुचाकी यांत एक मोठा फरक आहे. कचेरीची गाडी बिघडली तर ती कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत ढकलत नेता येते. प्रवासाची गाडी मागे बसलेले माणूस, दोन बाजूंच्या पेट्या आणि वर बांधलेले बोचके घेऊन आंबोलीच्या किंवा वरंध्याच्या घाटात भर पावसात उतरत असते. तिचा दोष उघड होतो तो अशा जागी, जेथे एका बाजूला दरड असते आणि दुसऱ्या बाजूला दरी. या व्यवहारात केवळ पैसे बुडत नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे कायद्याचे तटस्थपण खटकू लागते.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक लेख लिहिला. पुढे २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे तो लेख होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्याच मालाला मध्यम भाव देऊ करतो. त्या भावात चांगला माल विकणे मालकाला परवडत नाही, तो माघार घेतो; आणि बाजारात उत्तरोत्तर वाईट मालच उरतो. आपल्याकडील मेकॅनिक हेच सूत्र अधिक आटोपशीर शब्दांत सांगतात. "चांगली गाडी साहेब बाजारात येतच नाही, ती मित्रातच जाते."

तरीही बाजारातून घ्यावयाचीच असेल, तर पहिली दक्षता अगदी साधी आहे. गाडी पाहायला जाल तेव्हा सुरू करण्यापूर्वी इंजिनला हात लावा. ते कोमट असेल तर मालकाने तुमच्या येण्याआधीच गाडी चालू करून ठेवली आहे, आणि थंड इंजिन पहिल्या खेपेस कसे उठते हे त्याला तुम्हांला दाखवायचे नाही. अशा वेळी चहा घ्यावा, गप्पा माराव्यात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जावे. थंड गाडी सुरू होताना निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल पिते आहे. काळा धूर दुरुस्तीचा विषय आहे. निळा धूर खर्चाचा.

त्यानंतर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे व हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे अगदी हळू फिरवावे. मध्यावर ते खाच लागल्यासारखे अडखळले, तर हँडलच्या बुडाशी असलेले बेअरिंग, ज्याला गॅरेजवाले कोनसेट म्हणतात, ते खराब रस्त्यांनी संपले आहे. मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवून पाहावे. खडखड जाणवली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा स्विंगआर्ममध्ये. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवरून बोट फिरवावे, तेल लागते का पाहावे. चेनच्या दातेरी चक्राचे दाते शार्कच्या दातांसारखे एका बाजूला झुकले असतील तर मालकाने सांगितलेल्या किलोमीटरवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. ब्रेकच्या डिस्कवर बहुधा किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. तो वाचणारा ग्राहक आम्ही अजून पाहिलेला नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पेट्या अडकवण्याचे कॅरियर चेसिसला जेथे जोडलेले असते त्या जागा बॅटरीच्या उजेडात पाहाव्यात. लांबच्या प्रवासात सगळा भार तेथे येतो, आणि तडा गेला तर तो तेथेच जातो. ताजा रंग फक्त तेवढ्याच भागावर दिसला, तर तो सौंदर्यासाठी दिलेला नसतो.

जास्तीचे दिवे हे या वर्गातल्या गाड्यांचे भूषण समजले जाते. ते कुणी, कोणत्या वायरीतून जोडले याची चौकशी करावी. सीटखाली चिकटपट्ट्यांचे जंगल असेल तर पुढे रात्री-अपरात्री काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

"गाडी फार कमी चालली आहे" हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असते, आणि घेणारा त्यावरच भाळतो. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या आपल्या जुन्या कोड्याचे उत्तर एकच आहे: फिरवला नाही म्हणून. येथेही पुन्हा घोडाच आहे, हा योगायोग सोडून द्या. तीन वर्षे इमारतीच्या तळघरात उभी राहिलेली गाडी तीस हजार किलोमीटर नियमित चाललेल्या गाडीपेक्षा बरी असतेच असे नाही. बॅटरी मरते, टायर एका जागी चेपतात, रबराच्या नळ्या चिरतात, टाकीत आतून गंज धरतो. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडी पाच हजार किलोमीटर चालली असे मीटर म्हणतो आणि त्याच वर्षाच्या गाडीचे टायर मात्र दोन वर्षांनी नवे घातलेले आहेत, अशी विसंगती दिसली तर मीटरपेक्षा टायरवर विश्वास ठेवावा. लडाखला जाऊन आलेल्या मंडळींची एक गंमत आहे. खारदुंग ला खिंडीतील फलकाने वर्षानुवर्षे १८,३८० फूट उंची सांगितली. प्रत्यक्ष मोजणीत ती सुमारे १७,५८० फूट भरते. विक्रेते खिंडीची उंची जास्त सांगतात आणि गाडीचे किलोमीटर कमी.

यंत्राइतकाच कागदांचा घोळ मोठा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार त्याच राज्यातील गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाची सूचना परिवहन कार्यालयाला दिली पाहिजे. प्रत्यक्षात कित्येक गाड्या सह्या केलेल्या कोऱ्या नमुन्यांवर हातोहात फिरत राहतात. २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या आळसाची किंमत सांगितली आहे. एक वाहन एकामागून एक अनेक हातांत गेले, नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे राहिली, दरम्यान अपघात झाला; भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीकृत मालकावरच टाकली. गाडी ज्याने डोळ्यांनीही पुन्हा पाहिली नव्हती, तो कायद्याने तिचा धनी ठरला. म्हणजे नाव बदलण्याची घाई घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला अधिक असावयास हवी.

घेणाऱ्यानेही बँकेचा बोजा नोंदीवरून उतरला आहे काय, दंडाची चलाने थकली आहेत काय, हे परिवहन खात्याच्या ॲपवर पाहिल्याविना बयाणा देऊ नये. गाडी परराज्यातील असेल तर ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा कर हा वेगळा हिशेब मांडावा लागतो. तो मांडल्यावर स्वस्त गाडी बहुधा स्वस्त राहत नाही. विम्याचे म्हणाल तर, सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तृतीय पक्षाचा विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे "विमा आहे" हे उत्तर खरे असते, पण त्यात गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असेलच असे नाही. राहिला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतील. नोंदणीत नसलेला बदल कलम ५२ खाली येतो, आणि उत्पादकाच्या मूळ आराखड्याशी विसंगत फेरफार चालणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बजावले आहे. मूळ सायलेन्सर मालकाच्या माळ्यावर पडला असेल तर तो गाडीबरोबर मागून घ्यावा.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २०२२ मध्ये काढलेले आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेले नियम जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याला परवाना घ्यायला लावतात. गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत तोच मालक मानला जातो. व्यापाऱ्याने फसवले तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही हाताशी आहे. परंतु एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थाला आपली गाडी विकली तर विकणारा व्यापारी ठरत नाही, आणि ग्राहक आयोगाचे दार बंद होते. उरतो तो १८७२ चा घोडा.

त्या घोड्याविषयी आणखी एक दाखला त्याच कलमात आहे, आणि तो कुणी सांगत नाही. 'ब' हा 'अ' ला म्हणतो, तू नाकारले नाहीस तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन. 'अ' गप्प राहतो. येथे मात्र ते मौन बोलण्याबरोबरीचे ठरते. याचा व्यवहारातील अर्थ उघड आहे. गाडीचा कधी मोठा अपघात झाला काय, इंजिन उघडले गेले काय, मीटर बदलला काय, हे तीन प्रश्न सौद्यापूर्वी विकणाऱ्याला लेखी विचारावेत. भ्रमणध्वनीवरील संदेशही चालेल. मात्र त्याने तुमचे पाहण्याचे काम सुटत नाही. साध्या दक्षतेने जे कळू शकले असते ते कळून घेतले नाही, तर कलम १९ मधील अपवाद तुमच्या आड येऊ शकतो.

एवढ्यावर नागरिकाला सोडून द्यावे काय, हा आमचा मूळ प्रश्न आहे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि तोवर तिची यांत्रिक तपासणी कायद्याने कुठेही होत नाही. मालकी तीन वेळा बदलली तरी नाही. प्रत्येक हस्तांतरणाला सक्तीची तपासणी आणावी असे काहीजण सुचवतील. आमचे मत तसे नाही. परिवहन कार्यालयाच्या आवारातील दलालांना त्यातून आणखी एक दरपत्रक मिळेल, याहून अधिक काही साधणार नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील मोटारसायकलीची दरवर्षी तपासणी होते, त्या वेळी मीटरचा आकडा नोंदला जातो, आणि गाडीच्या क्रमांकावरून तो इतिहास कोणालाही फुकट पाहता येतो. आपल्याकडे तपासणी नाही, पण पीयूसी आहे. बीएस-४ आणि पुढील गाड्यांना ती वर्षातून एकदा लागते, आणि २०२१ पासून तिचे प्रमाणपत्र राष्ट्रीय नोंदवहीशी जोडलेले आहे. गाडीच्या पाटीचे छायाचित्र तेथे घेतलेच जाते. त्याच वेळी मीटरचेही घ्यावे. काही केंद्रांवर धूर न तपासताच दाखला मिळतो हे आम्हांला ठाऊक आहे. तथापि मीटरच्या छायाचित्रात खोटेपणा करण्यासारखा त्या केंद्रवाल्याचा काही स्वार्थ नाही. पाच वर्षांचे पाच आकडे ॲपवर ओळीने दिसू लागले, तर मागे फिरवलेला मीटर पहिल्याच दृष्टिक्षेपात पकडला जाईल. हस्तांतरणाच्या नमुना २९ मध्ये इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक लिहावा लागतो. त्याखाली 'आजवर चाललेले किलोमीटर' आणि 'ज्ञात मोठे अपघात' असे दोन रकाने वाढवून विकणाऱ्याची सही घेतली, तर त्याला गप्प राहण्याची सोय उरणार नाही. त्यासाठी संसदेत विधेयक आणण्याचीही गरज नाही. नियमांतील दुरुस्तीची एक अधिसूचना पुरते.