बोरचे तांबे आणि बोरचा चेंडू

पूर्व सर्बियातील डोंगराळ मुलखात, बल्गेरिया व रुमानिया यांच्या सीमांपासून फारसे दूर नसलेले बोर हे गाव जगाला ठाऊक झाले ते तांब्यामुळे. त्याच गावातील १९१९ साली स्थापन झालेला फुटबॉल क्लब आज खालच्या श्रेणीत खेळतो. गावाबाहेर त्याचे नाव क्वचितच निघते. परंतु समाजवादी विचारांच्या माणसाने ह्या क्लबाचा इतिहास अवश्य पाहावा. खाणीतून निघणारे वाढावा उत्पन्न कोणाचे आणि त्याचा विनियोग कोणी ठरवावयाचा, हा अर्थशास्त्रातील मूलभूत प्रश्न ह्या इतिहासात जागोजाग डोके वर काढतो.

बोरचे खनिज विसाव्या शतकाच्या प्रारंभी सापडले. जॉर्जे वायफर्ट ह्या सर्बियन उद्योगपतीने त्याचा शोध घेतला, आणि १९०४ पासून खाण फ्रेंच भांडवलाच्या ताब्यात गेली. तांबे परदेशी गेले, लाभांश पॅरिसला गेला, आणि बोरच्या वाट्याला भट्टीचा गंधकयुक्त धूर आला. भोवतालची पिके त्या धुराने जळू लागली, तेव्हा १९३५ साली शेतकरी कंपनीविरुद्ध उठले. मालकीहक्क म्हणजे काय चीज असते याचा याहून विदारक धडा १९४० च्या नोव्हेंबरात मिळाला. पराभूत फ्रान्सच्या विशी सरकारातील लाव्हाल यांनी बोरचे फ्रेंच समभाग जर्मनीच्या हवाली करण्यास मान्यता दिली. ह्या व्यवहारात खाणकामगारांना कोणी विचारले नाही, हे सांगावयास नकोच. पुढे युद्धकाळात जर्मनांनी येथे सक्तमजुरीच्या छावण्या उभारल्या. हंगेरियन ज्यू कवी मिक्लोश रादनोती यांनी ह्याच परिसरात वेठ भोगली, आणि १९४४ मध्ये परतीच्या वाटेवर त्यांची हत्या झाली.

युद्धानंतर खाण राष्ट्राच्या मालकीची झाली. १९५० च्या कायद्याने युगोस्लाव्हियात कामगार मंडळे आली. उद्योगाचे व्यवस्थापन नोकरशाहीकडून कामगारांकडे नेण्याचा हा प्रयोग भारतातील समाजवादी मंडळींनी एके काळी मोठ्या कुतूहलाने न्याहाळला होता. १९६५ च्या आर्थिक सुधारणांनंतर उद्योगांच्या हाती आपल्या उत्पन्नाचा अधिक हिस्सा राहू लागला. तांबे हे बोरचे सर्वस्व होते, आणि त्या तांब्याच्या आधारावरच ह्या औद्योगिक गावाचे सार्वजनिक जीवन उभे राहिले. फुटबॉल क्लब हा त्याचाच एक भाग होता.

१९६८ साली ह्या दुसऱ्या श्रेणीतील संघाने युगोस्लाव्ह करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. बेलग्रेडच्या बलाढ्य रेड स्टारने त्याला सात विरुद्ध शून्य असे लोळवले. मात्र रेड स्टारने राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळवलेले असल्यामुळे युरोपीय करंडकविजेत्यांच्या स्पर्धेतील जागा पराभूत बोरला मिळाली. त्याच वर्षी क्लब पहिल्या श्रेणीतही चढला. सात गोलांनी हरलेला संघ चार महिन्यांत युरोपच्या मैदानात उतरतो, हा योग गमतीचा खरा. परंतु त्यामागील काळ गमतीचा नव्हता. ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या होत्या. स्पर्धेच्या जोड्या पुन्हा पाडण्यात आल्या, त्या निषेधार्थ सोव्हिएत गोटातील बहुतेक देशांचे क्लब बाहेर पडले, आणि आक्रमणाला विरोध करणाऱ्या युगोस्लाव्हियाच्या बोरची गाठ आक्रमण सोसणाऱ्या देशाच्या स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाशी पडली. पहिला सामना स्लोव्हानने तीन शून्य असा जिंकला, परतीचा बोरने दोन शून्य असा. एका गोलाच्या फरकाने बोर बाद झाला. पुढच्या मे महिन्यात बाझल येथे बार्सिलोनाला ३-२ असे नमवून स्लोव्हानने करंडक उचलला.

येथे एका सोप्या निष्कर्षाचा मोह होतो. समाजवादाने क्लब घडवला आणि बाजारपेठेने तो बुडवला, असे म्हणून मोकळे होता येईल. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. कामगार मंडळे कागदावर सार्वभौम होती. व्यवहारात संचालक, तंत्रज्ञ आणि पक्षाचे स्थानिक पुढारी यांचा शब्द चाले. भट्टीचा धूर फ्रेंच गेले म्हणून थांबला नाही. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या उद्योगाने कामगारांच्याच मुलाबाळांच्या छातीत गंधक भरावे, ही विसंगती मार्क्सचा हवाला देऊन झाकता येत नाही. क्लबाचेही तेच. ज्या संस्थेचे बरेवाईट एकाच उद्योगाच्या हिशेबाशी बांधलेले असते, तिचे भवितव्य तांब्याच्या जागतिक भावावर ठरते. सत्तरीच्या दशकात क्लब पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. १९९२ चे आंतरराष्ट्रीय निर्बंध आणि देशाचे विघटन यांनी खाणीचेच कंबरडे मोडले, तेव्हा क्लबाला दुसरा आधार उरला नाही.

त्यानंतर खाण विकण्याचा खटाटोप झाला. २००७ मध्ये एका रुमानियन कंपनीशी आणि २००८ मध्ये एका ऑस्ट्रियन कंपनीशी केलेले सौदे फिसकटले. अखेर २०१८ साली चीनच्या झिजिन कंपनीने ३५ कोटी डॉलर देऊन ६३ टक्के हिस्सा घेतला. उरलेला ३७ टक्के राज्याकडे राहिला. सव्वाशे कोटी डॉलरहून अधिक गुंतवणुकीचे वचन देण्यात आले, आणि उत्पादन खरोखरच वाढले. ह्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु खाण चालू लागली म्हणजे गावही चालू लागते, हे गृहीत बोरने खोटे ठरवले आहे. २००२ साली सुमारे छप्पन्न हजार लोकसंख्या असलेल्या ह्या नगरपालिका क्षेत्रात २०२२ च्या जनगणनेत सुमारे एक्केचाळीस हजार माणसे उरली होती. धुराविरुद्धच्या तक्रारी झिजिनच्या काळातही चालूच राहिल्या. पॅरिसच्या जागी आता फूज्यान प्रांतातील मुख्यालय आले, एवढा फरक.

बोरला पुन्हा एखाद्या संचालकाच्या औदार्याची वाट पाहत बसावयास लावणे, मग तो संचालक चिनी असो की सर्बियन, हा त्या गावावर अन्याय आहे. राज्याच्या ३७ टक्के हिश्श्यावर येणाऱ्या लाभांशातील ठरावीक वाटा कायद्याने बोरच्या नागरिकांच्या निवडून दिलेल्या मंडळाकडे गेला पाहिजे, आणि तो दवाखान्यावर खर्च करावयाचा, हवा मोजणाऱ्या यंत्रांवर की मैदानावरील गवतावर, हे उघड सभेत ठरले पाहिजे. त्या सभेने फुटबॉलला एक दिनारही दिला नाही, तरी तो निर्णय बोरचा असेल. १९४० सालचा तो नव्हता, आणि २०१८ सालचाही नव्हता.