ती ओरडली का नाही, हे विचारणं आता पुरे
मराठी दैनिकांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुलं पत्र

संपादक मंडळी,

25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे पुण्यात स्वारगेट एसटी स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची फिर्याद दाखल झाली. त्यानंतरच्या तीन दिवसांत तुम्ही काय दाखवलंत ते आठवा. आरोपीच्या शोधात शिरूर तालुक्यातल्या उसावर घिरट्या घालणारे ड्रोन, श्वानपथकं, एक लाखाचं बक्षीस, आगारातल्या सुरक्षा कार्यालयाच्या फुटलेल्या काचा. ही बातमी नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्याच धामधुमीत राज्याचे गृहराज्यमंत्री बोलले. आसपास दहा-पंधरा माणसं असूनही झटापट झाली नाही, सगळं शांतपणे घडलं, म्हणून कुणाला शंका आली नाही, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. ओरड झाल्यावर, आपण पोलिसांनी दिलेली माहितीच सांगितली, असा खुलासा त्यांनी केला. पुढे आरोपीच्या वकिलांनी संमतीचा दावा केला आणि तोही तुमच्या पडद्यावर आला. मग चौकाचौकात आणि चर्चांमध्ये एकच सवाल सुरू झाला: मग ती ओरडली का नाही?

आरोपी दोषी की निर्दोष, ते न्यायालय ठरवेल. माझं भांडण त्या सवालाशी आहे. मी सत्र न्यायालयात वकिली करते आणि हा सवाल माझ्या कानांवर नेहमी पडतो. त्याचा जन्म स्वारगेटला झालेला नाही. त्याचं गाव आहे देसाईगंज.

मार्च 1972. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. एका अनाथ, मोलमजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीच्या भावाने पोलीस ठाण्यात तक्रार दिली होती. रात्री जबाब झाले, सगळे बाहेर पडू लागले, आणि पोलिसांनी तिला एकटीला मागे थांबवून घेतलं. ठाण्याचे दिवे गेले, दारं लागली. बाहेर भाऊ आणि नातलग हाका मारत राहिले, गर्दी जमली. ती बाहेर आली तेव्हा तिने काय झालं ते सांगितलं. आत होते एक हवालदार आणि एक शिपाई.

सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं आणि मुलीलाच खोटारडी ठरवलं. नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. धाकापुढे मान खाली घालणं म्हणजे संमती नव्हे, इतकी साधी गोष्ट त्या न्यायमूर्तींनी लिहिली आणि शिपायाला पाच वर्षांची, हवालदाराला एक वर्षाची शिक्षा दिली. प्रकरण दिल्लीला गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, हात धरला तेव्हा सोबतच्यांना हाक मारली नाही. म्हणजे जे झालं ते शांततेत झालं. पोलीस ठाण्यात पोलिसांच्या तावडीत सापडलेल्या मुलीने कुणाच्या नावाने ओरडायचं होतं, पोलिसांच्या?

16 सप्टेंबर 1979 रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्या पत्रातून देशभर मोर्चे उभे राहिले, मुंबईत बलात्काराच्या विरोधात बायकांचा मंच तयार झाला. 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी, शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच गृहीत धरावं, असं ठरलं. पीडितेची ओळख छापणं गुन्हा झाला, सुनावणी बंद दाराआड होऊ लागली. 2003 मध्ये, तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारी पुरावा कायद्यातली तरतूद गेली. 2013 मध्ये, दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, एक वाक्य स्पष्टपणे कायद्यात आलं: शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणावरून बाईची संमती होती असं मानता येणार नाही. आज ते भारतीय न्याय संहितेच्या 63 व्या कलमात आहे.

म्हणजे देसाईगंजच्या त्या रात्रीनंतर एवढं एक वाक्य यायला 41 वर्षं लागली, आणि ते आल्यावर बारा वर्षांनी खुद्द गृहखात्याचा मंत्री झटापट झाली नाही असं माइकसमोर सांगतो. तुमच्या बातमीदारांपैकी एकानेही त्यांना जागच्या जागी कलम दाखवलेलं मी पाहिलं नाही. टीका झाली, विरोधकांनी केली, तुम्ही ती दाखवलीत. वाद रंगला. कायदा काय म्हणतो ही चौकट मात्र आली नाही. ती आली असती तर वाद दहा मिनिटांत संपला असता, कदाचित म्हणूनच आली नाही.

जाता जाता एक गोष्ट. देसाईगंजच्या त्या निकालाचं अधिकृत नाव आहे तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. आरोपीच्या नावाने. तरीही कायद्याच्या वर्गांपासून अग्रलेखांपर्यंत सगळे तो खटला त्या मुलीच्या नावाने ओळखतात. ती नाव बदलून कुठे गेली नाही, तिला त्याच नावाने जगावं लागलं. मी या पत्रात ते लिहिलेलं नाही आणि तुम्हीही लिहू नये असं मला वाटतं.

कोर्टात हा सवाल कसा येतो ते सांगते. उलटतपासणीत वकील एकदम मुद्द्यावर येत नाहीत. आधी विचारतात, खिडकी उघडी होती का? रस्ता वाहता होता का? शेजारी कोण राहतं? हाक मारली तर ऐकू जातं का? पिंजऱ्यातली बाई प्रत्येकाला हो म्हणते, कारण खरंच ऐकू जातं. शेवटी एकच वाक्य येतं, "म्हणजे तुम्ही ओरडला नाहीत." ते नोंदलं जातं. भीतीने घसा सुकला, जीव वाचवायचा होता, हे तिला सांगायचं असतं, पण तेवढ्यात पुढचा प्रश्न आलेला असतो. चांगले न्यायाधीश थांबवतात. सगळे थांबवत नाहीत. न्यायाधीशही पेपर वाचतात, टीव्ही बघतात, आणि तिथे तर हा सवाल आधीच रास्त ठरलेला असतो.

आता तुमच्या आतल्या पानांकडे वळते. "चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून." "एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला." "किरकोळ वादातून विवाहितेला पेटवले." मारणाऱ्याने पोलिसांना दिलेली सबब तुम्ही सहा स्तंभांत, अवतरणचिन्हांशिवाय छापता. मेलेली बाई खुलासा करायला येणार नसते. हिंगणघाटला फेब्रुवारी 2020 मध्ये एका प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवलं गेलं, तेव्हाही कित्येक मथळ्यांत प्रेम होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालात महिलांवरच्या गुन्ह्यांपैकी साधारण 31 टक्के गुन्हे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचे आहेत. सर्वांत मोठा वाटा तोच, आणि तुमच्याकडे त्याला जागा मिळते ती घराणं मोठं असलं किंवा हुंड्यात आलिशान गाडी असली तरच.

राजकारण्यांविषयी फार लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. पण बदलापूर पाहा. ऑगस्ट 2024 मध्ये लैंगिक अत्याचार झालेल्या चिमुकल्या मुलींच्या पालकांना फिर्याद नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं, म्हणून लोक रेल्वे रुळांवर उतरले. खरी तक्रार त्या ठाण्याविरुद्ध होती. महिनाभरानंतर आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, मुंबईत बंदुकीसह नेत्याचे फलक लागले, आणि फिर्याद उशिरा का घेतली हा मुद्दा बाजूला पडला. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत त्या चकमकीबद्दल पोलिसांवर ठपका आला, ती बातमी फलकांइतकी मोठी झाली नाही. बलात्काराच्या आरोपींना मारणाऱ्या हैदराबादच्या 2019 च्या चकमकीचंही तेच झालं. पोलिसांवर फुलं उधळतानाची दृश्यं सर्वांना आठवतात. नागपूरचे न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या आयोगाने 2022 मध्ये पोलिसांची कहाणी खोटी ठरवली, हे किती जणांना आठवतं? आपल्या विधिमंडळाने डिसेंबर 2021 मध्ये मंजूर केलेलं, महिलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक आजतागायत कायदा झालेलं नाही. त्यातली फाशी तुम्ही पहिल्या पानावर छापलीत. विधेयकाचं पुढे काय झालं, ते वाचकाला शोधावं लागतं.

मागणी फार मोठी नाही. आरोपी पकडला की कॅमेरे निघून जातात आणि खटला रिकाम्या दालनात चालतो. एकेका जिल्ह्यात एक बातमीदार तरी खटल्याच्या मागे ठेवा. बंद दाराआडच्या सुनावणीत त्याला आत सोडणार नाहीत, पण तारखा का पडल्या, साक्षीदार का फिरला, न्यायवैद्यक अहवाल किती महिने आला नाही, हे बाहेरही कळतं. आरोपीची सबब छापायचीच असेल तर "असा आरोपीचा दावा" हे तीन शब्द मथळ्यात बसतात, मी मोजून पाहिले आहेत. आणि पुढचा मंत्री झटापट झाली नाही म्हणाला, तर माइक खाली घ्यायच्या आधी त्याला विचारा, साहेब, तुम्ही 63 वं कलम वाचलंय का?

आपली,
सत्र न्यायालयात वकिली करणारी एक वाचक, पुणे