पाठदुखीवरची शस्त्रक्रिया ही हौस कशी?

बुवापाड्यातून अंबरनाथ स्टेशन गाठायचे, गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने मुंबई गाठायची आणि संध्याकाळी परतून स्वयंपाकाला लागायचे. अशा धावपळीत मान-खांदे भरून आले, की बायका वेदनाशामक गोळी घेतात, बाम चोळतात. या दुखण्यामागे स्तनांचे जास्त वजन असू शकते, हे मात्र घरात बोलले जात नाही. बोललेच, तर थट्टेवारी नेले जाते.

अवजड स्तनांचा भार मान, खांदे आणि पाठीला दिवसभर पेलावा लागतो. ब्राचे पट्टे खांद्यात रुतून खाचा पडतात. आपल्या दमट हवेत स्तनांखाली घाम साचून पुरळ उठते, बुरशीचा संसर्ग होतो. 'आधी वजन कमी करा' असे सांगणे सोपे. पण दुखण्यामुळे व्यायामच होत नाही, हे कोण लक्षात घेतो?

अमेरिकेतील 'ब्राव्हो' हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन घटवणे, फिजिओथेरपी, खास ब्रा यांनी टिकाऊ आराम मिळत नाही, शस्त्रक्रियेने मात्र वेदना लक्षणीय कमी होतात, असे त्यात दिसले. पुढे २००९ मध्ये 'ब्रेस्ट-क्यू' ही प्रश्नावली आली. तिने शस्त्रक्रियेचे यश डॉक्टरांच्या नजरेऐवजी स्त्रीच्या अनुभवावरून मोजायला सुरुवात केली.

अर्थात, ही शस्त्रक्रिया किरकोळ नाही. व्रण कायमचे राहतात. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे बाळाला अंगावर पाजताना अडचण येऊ शकते. धूम्रपान किंवा मधुमेह असल्यास जखम उशिरा भरते. म्हणून निर्णय त्या स्त्रीनेच, पूर्ण माहिती घेऊन करावा.

अडचण येते ती पैशांची. आरोग्यविम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. आरोग्याचा थेट धोका दूर करणाऱ्या, डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या उपचाराला अपवाद आहे. पण रोजची वेदना त्यात बसते का, यावर वाद होतो. ती बसायलाच हवी. बाईला उभे राहू न देणारे दुखणे सौंदर्याचा प्रश्न ठरूच शकत नाही.

तोवर प्रत्येक तपासणीत ही तक्रार केसपेपरवर लिहून घ्यावी. सायन, केईएमसारख्या पालिका रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. तिथे सल्ला घेण्यात लाजण्यासारखे काही नाही.