हरलेला डाव पुन्हा मांडा

बुद्धिबळाचा डाव संपला की हल्ली लगेच मोबाइल निघतो. त्यातलं स्टॉकफिश हे बुद्धिबळ इंजिन क्षणात सांगतं, तेविसावी चाल चुकली. चुकली हे खरं. पण आपण ती का खेळलो, हे त्याला कुठून कळणार? घड्याळात वेळ उरला नव्हता, उंटाचा मारा दिसलाच नाही, की जिंकतोय या गुर्मीत प्यादं पुढे ढकललं?

हे ‘का’ आपलं आपणच शोधायचं असतं. जगज्जेते मिखाईल बोट्विनिक १९५७ मध्ये स्मिस्लोव्हकडून आणि १९६० मध्ये तालकडून हरले, जगज्जेतेपद गेलं. दोन्ही वेळा पुढच्याच वर्षी त्यांनी ते परत मिळवलं. आपल्या डावांची चिरफाड स्वतः करावी आणि ती छापावी, म्हणजे आपल्या विश्लेषणातल्या चुकाही इतरांना काढता येतात, असा त्यांचा आग्रह असे. (अहंकाराला हे औषध कडूच!) कार्पोव्ह, कास्पारोव्ह, क्राम्निक हे तिघे जगज्जेतेही त्यांच्या बुद्धिबळ शाळेत शिकले.

आपल्याकडे पालक स्पर्धेची फी भरतात, रेटिंगचे आकडे तोंडपाठ ठेवतात. हरलेल्या डावाचा नोंदकागद मात्र दप्तरातच चुरगळतो. हे साफ चूक आहे. तेव्हा वाचकहो, पुढचा डाव हराल तेव्हा आधी पट मांडा, स्वतःची टिपणं लिहा आणि मगच इंजिन सुरू करा.