टोल वाचवा, पण हिशेब पूर्ण करा!

गाडीत गादी टाकून ट्रिपला निघायची क्रेझ सध्या जोरात आहे. मॅपवर ‘टोल टाळा’ हा पर्याय तुम्हीही निवडत असाल. निवडा, पण आधी हिशेब करा.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. कारला किलोमीटरमागे २.०६ रुपये, म्हणजे साधारण १५७ रुपये टोल. वार्षिक फास्टॅग पास इथे चालत नाही. जुन्या नाशिक महामार्गावर पडघ्याजवळ आणि घोटीला टोल आहेच, पण तिथे तो पास चालतो. बाइकवाल्यांना तर समृद्धीवर एन्ट्रीच नाही.

घाई असेल तर खुशाल बोगद्यातून जा. वेळ असेल तर मात्र शहापूर-कसारा घाटच पकडा. समृद्धीवरून सुसाट जाणारी गाडी आमच्या शहापुरात थांबत नाही. जुन्या रस्त्यावरची चहाची टपरी, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं विकणाऱ्या बाया तुमच्या थांबण्यावरच जगतात. वाचलेले पैसे तिथे खर्च करा.

मुरबाडमार्गे माळशेजलाही हेच सांगेन. फक्त पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात. टोलच्या चार पैशांसाठी जीव पणाला लावू नका.